अडकत चालणारी गाडी

गाडी दरीत गेली. दत्तूने वळण बरोबर घेतलं होतं. मी त्याच्या खाटेमागे भिंतीला टेकून बघत होते, म्हणून सांगते. वळण समोर आलं, त्याने बोट दाबलं आणि चित्र थांबलं. पडता बर्फ जागच्या जागी, चाकं जागच्या जागी. एक, दोन, तीन मोजून होईपर्यंत तसंच. मग चित्र सुटलं तेव्हा रस्ता मागे राहिला होता आणि गाडी हवेत होती. आत चौघे होते.

खेळच होता. कॉम्प्युटरमधली गाडी, कॉम्प्युटरमधली दरी. चौघांपैकी तिघे आपापल्या गावी आपापल्या घरात बसलेले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कॉम्प्युटरमधून एकाचा आवाज आला, "फिर गिरा दिया. भाई, ड्रायव्हर बदलो ना." कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

दत्तूने झाकण लावलं. "आये, हा उचल," तो मला म्हणाला. "परत माझ्यासमोर आणू नको." आणि भिंतीकडे तोंड करून पडला. कमरेखालचं अंग त्याला स्वतःच्या हातांनी वळवावं लागतं. ते त्याने एक पाय, मग दुसरा पाय, असं वळवलं.

भिंतीकडे तोंड केलेला माझा मुलगा मी त्याआधी एकदा बघितला होता. तेव्हा परत वळायला त्याला एक पावसाळा, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा लागला होता.

ही दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली गोष्ट. आता परत भाद्रपद आलाय म्हणून आठवतेय. आवणी, म्हणजे भाताची लावणी, होऊन गेली, कापणी अजून लांब, असे हे मधले दिवस. भात पोटरीला येतं, लोंबी अजून पात्याच्या आत असते. वरच्या उताराला खुरासणी फुलून पिवळी व्हायला लागते. मांडवावर तवसं, मोठ्या काकड्या, लटकतात. धुकं सकाळी न विचारता घरात येतं आणि दुपारपर्यंत बसून राहतं. बाहेरचे लोक हे धुकं बघायला जव्हारला येतात, गाड्या थांबवून फोटो काढतात. आमच्याकडे त्याच धुक्यात मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही आणि खुंटीवरच्या कपड्यांना बुरशी येते. आम्ही फोटो काढत नाही.

साखरशेतात आमचं घर. माणसं तीन. मी, दत्तू आणि यमुना, माझी सून. यमुना अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी जाते, दुपारी येते.

दत्तू दाभोशाहून जव्हारला जीप चालवायचा. लग्नाची माणसं, बाजाराची माणसं, आजारी माणसं, कोंबड्या, सिमेंट, सगळं नेलं त्याने. एक दिवस उतारावर ब्रेक लागला नाही. एका अंगाला दरी, एका अंगाला डोंगर. त्याने जीप डोंगरावर घातली. आतली माणसं दवाखान्यात पट्ट्या बांधून त्याच दिवशी घरी आली. दत्तू पाच महिन्यांनी आला. पाय होते, पण चालत नव्हते.

घरी आला आणि भिंतीकडे वळला. मातीची भिंत, यमुनाने सारवलेली. तिच्यावर बघण्यासारखं काहीही नाही. मी त्याच्याशी बोलले. यमुना रडली. दोन्हीचा उपयोग झाला नाही. जेवण दिलं तर जेवायचा, नाही दिलं तर मागायचा नाही. ठाण्याच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर सलीम म्हणून एक होता, भिवंडीचा, मोबाईल दुरुस्त करणारा. जिन्यावरून पडून त्याचाही कणा गेलेला. तो दर शुक्रवारी फोन करायचा. दत्तू फोन घ्यायचा नाही, म्हणून मी घ्यायची.

"अम्मा, दत्तू को दो."

"वो नाय बोलता."

"तो आप बोलो. मेरे को क्या, कोई भी चलेगा."

मग मी बोलायची. पाऊस किती, गाय व्याली का, असलं काहीतरी. माझं हिंदी ऐकून तो हसायचा. मला राग यायचा नाही. घरात कुणीतरी हसल्याचा आवाज यायचा, फोनमधून का होईना.

वैशाखात त्याने एका जीपवाल्याच्या हाती चादरीत गुंडाळून तो कॉम्प्युटर पाठवला. जुनाच, मांडीवर ठेवायचा, झाकणाचा. "अम्मा, इसमें गाडी है," तो म्हणाला. "पैर नहीं लगते. उंगली से चलती है."

खेळ असा. चौघांनी मिळून एक माल भरलेला ट्रक बर्फाच्या डोंगरातून पलीकडे न्यायचा. एकाने चालवायचा, एकाने रस्ता बघायचा, एकाने दुरुस्ती करायची, एकाने माल सांभाळायचा. चौघे चार गावांत, बोलणं कॉम्प्युटरमधून. रविवारी दुपारी दुसऱ्या टोळ्यांबरोबर शर्यत. सलीम रस्ता बघायचा. ड्रायव्हर दत्तू.

पहिले पंधरा दिवस त्याने झाकण उघडलं नाही. मग एका दुपारी मी नाचणी पाखडत होते आणि आतून शिव्या ऐकू आल्या. भरपूर, दाभोसा स्टँडवरच्या. यमुना चुलीपासून उठून उभी राहिली. मी म्हटलं, "बस खाली. बोलू दे त्याला." नऊ महिन्यांनी आमच्या घरात पुरुषाचा मोठा आवाज आला होता.

तिथून तो खाटेवर बसून जेवायला लागला. दाढी करायला लागला, कारण सलीमला कॅमेऱ्यात तोंड दिसायचं. "आये, तवसा काप," "आये, लाईट गेली का बघ," असलं काम सांगायला लागला. काम सांगणारा मुलगा मला चालतो.

आणि मग श्रावणात गाडी अडकायला लागली.

दत्तू म्हणायचा, लॅग मारतेय. मी विचारलं, म्हणजे कय? तो म्हणाला, मी आता ब्रेक मारला तर गाडीला तो मागून कळतो. ब्रेक मागून कळणं काय असतं ते आमच्या घराला सांगायला नको.

सलीमने फोनवरून उपाय सांगायला सुरुवात केली. खेळाच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, त्याला पिंग म्हणतात. आपला निरोप तिकडे जाऊन परत यायला किती वेळ लागला ते तो सांगतो. आकडा जितका लहान तितकं चांगलं. मी चौथीपर्यंत शिकले, तिथे आकडा लहान आला तर हातावर पट्टी बसायची. आमचा आकडा तीनशेच्या वर होता.

पहिला संशय अर्थातच रेंजवर. घरात इंटरनेट यमुनाच्या फोनमधून यायचं आणि आमच्या घरात फोनला रेंज अशी नाहीच. ओट्यावर उंबराच्या बाजूला एक हातभर जागा आहे, तिथे असते. यमुनाने फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, पिशवी बांबूला बांधली आणि बांबू अंगणात रोवला. वरून जुनं इरलं टाकलं, पाऊस लागू नये म्हणून. जाणारे-येणारे विचारायचे, "म्हातारे, हा कय, नवा देव बसवलास?" मी म्हणायची, "हां. नवस बोलायचा असंल तर कोंबडा आण." आकडा तीनशेवरून नव्वदवर आला.

तरी गाडी अडकायचीच. मग सलीमने शोधलं की कॉम्प्युटर आतल्या आत काहीतरी नवीन उतरवून घेतोय, अपडेट म्हणून, आणि आलेलं इंटरनेट तोच खातोय. ते बंद केलं. पिंग सत्तर झालं, हिरवं झालं. थोडं सुधारलं. मग म्हणाला, चार्जर लावूनच खेळ, नुसत्या बॅटरीवर मशीन हळू चालते. तसं केलं. मग म्हणाला, चित्र हलकं कर. दत्तूने आधी सावल्या काढल्या, मग गवत काढलं, मग झाडं काढली. बर्फाचे डोंगर आमच्या मोखाड्याकडच्या डोंगरांसारखे बोडके दिसायला लागले. एक-दोन दिवस बरं चाललं. परत तेच. सुरुवातीला गाडी चांगली धावायची आणि अर्ध्या तासाने अडकायला लागायची. श्रावणात शर्यतीला नवा रस्ता आला होता, त्यात घाट नेमका शेवटी असायचा. रविवारच्या तीन शर्यती त्या घाटात गेल्या. चौथ्यांदा गाडी मधल्या वारी, सरावात गेली, ते मी वर लिहिलंच.

दत्तू भिंतीकडे वळला आणि मी कॉम्प्युटर उचलला. आता मला माझंच लिहायचं आहे.

आमच्या चुलीवर बांबूचा माच आहे, हात वर केला की लागतो. सगळ्या जुन्या घरांत असतो. त्याच्यावर बी-बियाणं, सुके बोंबील, आगपेट्या, रेशनकार्ड, सात-बाराचे कागद. पावसाळ्यात घरात कोरडी जागा तेवढी एकच. खालून धूर लागतो, म्हणून ओल धरत नाही, भुंगा लागत नाही, उंदीरही फारसा फिरकत नाही. या घरात जे जपायचं ते धुरात ठेवायचं, ही रीत मला सासूने शिकवली, तिला तिच्या सासूने.

दत्तू चार वर्षांचा होता तेव्हा असाच एक भाद्रपद आला होता. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात, आणि पावसात मजुरी नाही. आमच्या भागातली पोरं गेली त्या वेळी. माझं माहेर वावरकडचं, तिकडची तर घरटी एकेक गेली. नावं लिहीत नाही. दत्तूच्या मांडीचं कातडं लोंबत होतं. त्याला उचलला की कोंबडी उचलल्यासारखं वाटायचं. मी माचावर हात घातला. कापणीनंतर ओल्या खाचरात टाकायचं वालाचं बी होतं. बी कुणी खात नाही. सासू म्हणाली, "बी खाल्ला तर पुढं कय पेरशील?"

"पोर राहिला तर पेरीन," मी म्हटलं.

वाल शिजवले, घोटले, त्याचं पातळ कढण दत्तूला चमच्या-चमच्याने पाजलं. सासूनेच चमचा धरला, बोलत बोलत. बी धुरात होतं म्हणून चांगलं राहिलं होतं. बाहेर असतं तर त्याचं पीठ झालं असतं. तेव्हापासून माझा त्या माचावर जेवढा विश्वास आहे तेवढा देव्हाऱ्यावर नाही.

म्हणून कॉम्प्युटर घरात आला आणि ज्येष्ठात ओल सुरू झाली, तेव्हा तो कुठे ठेवायचा हे मी कुणाला विचारलं नाही. रोज संध्याकाळी, दत्तूचं झालं की, गोणपाटात गुंडाळून माचावर. रोज दुपारी खाली, पदराने पुसून दत्तूच्या पुढ्यात. सबंध ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. खाली दोन्ही वेळची चूल. ओली लाकडं असली की धूर जास्त. मला वाटायचं, बरं आहे, आज चांगला शेकला.

रोज मी तो उचलायची तेव्हा बंद होऊन बराच वेळ झालेला असायचा, थंड असायचा. त्या दिवशी दत्तूने खेळ अर्ध्यावर मोडला म्हणून लगेच उचलला. पोटाखाली हात घातला आणि हात मागे घेतला. तव्यासारखा तापला होता. आणि वास. कंदिलाची काच काळी झाली की येतो तसा. उलटा करून बघितला तर पोटावर बारीक भोकं होती, आणि ती भोकं बुजलेली होती. बोट फिरवलं. बोटावर काजळी. मी वर माचाकडे बघितलं. बांबूवर तीच काजळी.

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली. गाडी अडकली त्या वेळी कोपऱ्यातला आकडा हिरवाच होता. आणि चित्र थांबलं होतं तेव्हासुद्धा सलीमचा आवाज चालू होता, "लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट," एकदाही न तुटता. वाट खराब असती तर आवाजही तुटला असता. खाचरात पाणी उभं राहत नसलं की माणूस आधी पाटाकडे धावतो, वरच्याने पाणी अडवलं म्हणून भांडायला. पाट तर भरून वाहत असतो. पाणी जातं ते आपल्याच बांधातल्या खेकड्याच्या बिळातून. आम्ही दीड महिना पाट तपासत होतो. बीळ घरात होतं, आणि ते मी पाडलेलं होतं.

मी दत्तूच्या पाठीला सांगितलं. "दत्तू, हा तुझ्या इंटरनेटचा दोष नाय. मी त्याला रोज धुरात ठेवला. त्याच्या नाकातोंडात काजळी गेलीय. चूक माझी."

त्याने चादर डोक्यावर ओढली.

यमुना शेतातून आल्यावर बांबूवरचा फोन काढून सलीमला लावला. मी त्याला सगळं सांगितलं, त्याने परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "अम्मा, आपने लॅपटॉप को धुआँ दिया? रोज?"

"रोज. दो टाइम."

"मच्छी के साथ?"

"बोंबील के बाजू में."

तो हसला, मग खोकला, मग परत हसला. हसून झाल्यावर शहाण्यासारखं बोलला. पिंगच्या बाजूला दुसरा एक आकडा दाखवता येतो, एफपीएस म्हणून. कॉम्प्युटर एका सेकंदात किती चित्रं काढतो तो. हा मात्र मोठा असलेला चांगला. "मशीन ठंडी हो तब देखो, गरम हो तब देखो. पिंग वही रहे और ये गिरे, तो बात पक्की." आणि मग आवाज बारीक करून म्हणाला, "अम्मा, रविवार को करना है तो करो. बाकी दोनों नया ड्रायव्हर ढूँढ रहे हैं. मैं बोला, रविवार तक रुको."

त्या दिवशी गुरुवार होता.

यमुनाने तो आकडा लावून दिला. पण बघायचा तर गाडी चालवायला हवी, आणि दत्तू भिंतीकडे. यमुनाला पोरांचा पोषण आहार लिहून द्यायचा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मीच बसले. जमिनीवर, पाटावर कॉम्प्युटर ठेवून. मी आयुष्यात सायकल चालवलेली नाही.

ट्रक सुरू केला आणि मागे गेला. मागे घर होतं, त्याला लागला. पुढे घेतला, तो कुंपण मोडून गेला. दत्तूने काढून टाकल्यामुळे झाडं दिसत नव्हती, पण ती असतात म्हणे, कारण मी कशाला तरी धडकत होते. माझं लक्ष आकड्याकडे होतं. बेचाळीस. बेचाळीस. एक्केचाळीस. मी त्याला वळवण्यासाठी खेळायला बसले नव्हते. मला आकडा बघायचा होता. त्याला वळवायला बसले असं कुणी नंतर सांगितलं तर ते खोटं आहे.

इंजिन रडायला लागलं. पाठीमागून आवाज आला, "आये, गिअर बदल."

"कुठं असतो?"

"डाव्या बोटाखाली. डाव्या. हा डावा तुझा?"

"मला चौथीत शिकवला नाय."

"ब्रेक! आये, ब्रेक मार, समोर नदी आहे!"

ट्रक नदीत गेला. मी परत सुरू केला. परत मागे गेला. खाट करकरली. दत्तू एक पाय, मग दुसरा पाय, हातांनी वळवून माझ्याकडे तोंड करून, कोपरावर टेकून बघत होता. घामाघूम. रागाने म्हणाला, "तू त्या ट्रकचा जीव घेशील. हळू. हळू ग, पाय ठेवल्यासारखा बोट ठेव." मग एकदम थांबला. "आकडा बघ."

मी बघितला. अठ्ठावीस होता. एकवीस. नऊ. पिंग सत्तर, हिरवं. गाडी अडकत, झटके देत चालली होती.

"रेडिएटर चोक झालाय," दत्तू म्हणाला. "साधा रेडिएटर चोक. गाडीला श्वास नाय. दीड महिना आम्ही रस्त्याला शिव्या घालत बसलो." मग यमुनाला हाक मारली, "माझी पेटी आण."

जीप भंगारात गेली तेव्हा तिच्यातली हत्याराची पेटी यमुनाने घरी आणून खाटेखाली सारली होती. त्या दिवसापर्यंत त्याने तिच्याकडे बघितलं नव्हतं. त्याने झाकण उघडलं, पाने बाजूला केले, बारीक पेचकस काढला, अंगठ्यावर टेकवून टोक बघितलं. आम्ही दोघींनी खाट ओट्यावर, रेंजच्या जागी ओढली. फोनवर सलीमचं तोंड, खाटेवर उलटा कॉम्प्युटर. सलीम सांगायचा तसा एकेक स्क्रू काढून दत्तू वाटीत ठेवत गेला. वाटी मी धरली होती. झाकण निघालं, बॅटरीची वायर काढली. आत एक एवढासा पंखा, बायकांच्या बांगडीएवढा. त्याच्या पात्यांवर काळा चिकट थर. त्याच्यापुढे पितळेसारख्या बारीक पट्ट्यांची जाळी, ती पूर्ण बंद.

"ये तो तंदूर है," सलीम म्हणाला. "ब्रश लो. और स्पिरिट है क्या घर में?"

ब्रश नव्हता. कोंबडीचं पीस होतं. स्पिरिट नव्हतं. मी आत गेले आणि मोहाच्या दारूची एक छोटी बाटली आणली, पहिल्या धारेची. ती घरात का होती हे इथे लिहीत नाही. चमचाभर चुलीपाशी पेटवून बघितली, निळी ज्योत आली. दत्तूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्या गुडघ्याला चोळायला आहे."

"हां, आतून चोळतेस," दत्तू म्हणाला.

यमुना खो खो हसली. दत्तूही हसला. मी हसले नाही, कारण वाटी हातात होती आणि स्क्रू सांडले असते.

कापसाचा बोळा जेमतेम ओला करून त्याने एकेक पातं पुसलं. काजळी त्याला धरून निघाली. जाळीतून पिसाने झाडलं, फुंकलं, परत झाडलं. दीड तास लागला. खाली पसरलेल्या कागदावर काळ्या भुकटीचा ढीग झाला, त्यात बोंबलाचा एक खवलाही होता. तो दत्तूने पेचकसाच्या टोकावर घेऊन फोनपुढे धरला, सलीमला दाखवायला. सगळं वाळू दिलं, दुसऱ्या दिवसापर्यंत. शनिवारी परत बसवलं. एक स्क्रू उरला. सलीम म्हणाला, एक तो बचता ही है.

शनिवारी दत्तूने एकट्याने गाडी चालवून बघितली. अर्धा तास. एक तास. आकडा चाळीसच्या खाली आला नाही. मग त्याने पहिलं काम केलं, झाडं परत लावली.

रविवारी धुकं इतकं होतं की अंगणातला बांबू दिसत नव्हता. यमुना तीनदा बाहेर जाऊन फोन आहे का ते चाचपून आली. लाईट होती, हे आमच्याकडे नशीबच. बाकीचे दोघे शर्यतीला आले होते, पण न बोलता. सलीम एकटाच बोलत होता. मी खाटेमागे माझ्या जागेवर बसले. हातात वाल सोलायला घेतले होते, पण एकही सोलला नाही.

घाट आला. तेच वळण. दरी डाव्या हाताला. "लेफ्ट में गड्ढा, धीरे," सलीम म्हणाला. दत्तूने बोट ठेवलं, पाय ठेवल्यासारखं. बर्फ पडत राहिला. चाकं फिरत राहिली. ट्रकचं मागचं चाक कडेवरून थोडं घसरलं, दत्तूने गाडी डोंगराकडे ओढली, धरली, आणि गाडी वळली. रस्त्यावर. पलीकडे उतार होता आणि उताराच्या तळाशी गाव, खिडक्यांत दिवे असलेलं. ते गाव आम्ही कुणी तोवर बघितलं नव्हतं.

चौथा नंबर आला. पहिला नाही, दुसरा नाही. ड्रायव्हर बदला म्हणणारा तो म्हणाला, "दत्तूभाई, अगले हफ्ते टाइम पे आना." दत्तूने त्याला एक शिवी दिली. तो हसला. दत्तू त्या खेळात अजून ड्रायव्हर आहे.

मी आभार मानायच्या रीतीतली बाई नाही. पण भाद्रपद आला की मी एक पिशवी भरते. दोन तवसं, नाचणीचं पीठ, आणि वाल. जीपवाल्याच्या हाती भिवंडीला पाठवते. सलीम दर वर्षी फोनवर विचारतो, "अम्मा, धुएँ वाला है ना?" वाल धुरातलेच असतात. माच आहे तिथेच आहे, त्याने काही वाईट केलेलं नाही. कॉम्प्युटर तेवढा आता पत्र्याच्या पेटीत राहतो, दत्तूच्या उशाशी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तो त्याला उलटा करतो आणि पिसाने झाडतो. पीस मी निवडून देते, लाल कोंबडीचं, तिचं जरा ताठ असतं.

आज सकाळीही झाडला. मी वाटी धरली होती. बाहेर धुकं आहे, खुरासणीचा वरचा पट्टा पिवळा झालाय, आणि भात पोटरीत आहे. दत्तू म्हणाला, "आये, स्क्रू मोज." मी मोजले. एक अजून जास्तच येतो.

त्या भाद्रपदात या घरात तिघं होती. मी, दत्तू, यमुना. तिघंही आहोत. भिवंडीला सलीम होता. तोही आहे.